जमिनीचा होकार

१

न बघितलेल्या दगडाबद्दल खात्रीनं बोलायचं, हे ताईचं काम होतं. ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत, वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा.

डोंगराखालून रस्त्याचा बोगदा जायचा होता, आणि आपल्या पोटात काय आहे ते डोंगर काही आपणहून सांगत नाही. म्हणून पायथ्याला एक जड ट्रक आपली लोखंडी पाटी जमिनीवर धपाधप आदळायचा. हादरे खाली जायचे, दगडांच्या थरांवर आपटून परत यायचे, आणि जमिनीत खोचून ठेवलेली यंत्रं ते टिपून घ्यायची. पडद्यावर त्यांच्या रेघा उमटत. त्या रेघांवरून खाली दगड कुठला, किती टणक, किती ओला, ते ताईनं सांगायचं.

सांगायचं तरी कसं? तर आधी चक्क अंदाज करायचा. इथे ग्रॅनाइट असेल, त्याखाली वाळूचा खडक असेल. मग कॉम्प्युटरला विचारायचं, असे दगड असते तर हादरे कसे परतले असते? त्यानं काढलेल्या रेघा खऱ्या रेघांतून वजा करायच्या. उरेल ती बाकी. बाकी फार उरली तर अंदाज चुकला. तो जरा बदलायचा, पुन्हा वजाबाकी. शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला याला ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ म्हणायचा. येता-जाता कुणी "बाकी काय?" विचारलं, की ताईचं उत्तर ठरलेलं असे, "बाकी भरपूर!"

हे पूर्वीचं. लांबच्या रजेवरून परत आल्यापासून तिला कुणी ‘बाकी काय’ विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला उत्तर आठवलं असतं की नाही, कोण जाणे.

खरं म्हणजे बाकी कधीच शून्य होत नाही. वारा असतो, लांबून गाडी जाते, यंत्राजवळून कुणी खोकत जातं, ते सगळं त्या रेघांत येतं. माणसाचा अंदाज आणि जमिनीचं खरं यांच्यात थोडं अंतर राहणारच. ते राहिलं नाही, तर समजावं, आपलंच काहीतरी चुकलंय.

त्या सकाळी ताईनं डोंगराच्या दक्षिण पायथ्याचा तुकडा घेतला. अंदाज म्हणून सरसकट ग्रॅनाइट टाकला आणि पाणी प्यायला उठली. परत येऊन बघते तर बाकीची चौकट पांढरीशुभ्र. वारा नाही, गाडी नाही, कुणाचं खोकणं नाही.

जमीन पहिल्याच बोलीला हो म्हणाली होती.

२

ताईनं पहिला संशय घेतला तो फायलीवर. कॉम्प्युटरच्या रेघाच चुकून खऱ्या रेघांच्या जागी जाऊन बसल्या असतील. स्वतःतून स्वतःला वजा केलं, तर शून्याशिवाय काय उरणार? तिनं मूळ नोंद पुन्हा उतरवून घेतली. चौकट पांढरी. मग ग्रॅनाइट काढून वाळूचा खडक टाकला. आता तरी बाकी उसळायला हवी होती. चौकट पांढरी. पाण्यानं भरलेली वाळू टाकली. पांढरी.

खऱ्या रेघा तिनं छापून काढल्या आणि कागद टेबलावर काचेखाली ठेवला. छापलेलं तरी हलणार नाही. मग अंदाज बदलून कागद पडद्याशेजारी धरला. पडद्यावरच्या रेघा बदलल्या होत्या. कागदावरच्याही. कागद आधी कसा होता ते तिनं आठवून पाहिलं, आणि आठवलं ते समोर होतं तसंच.

साहेबांना ऑफिसात ‘सबुरी’ म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दापासून सुरू व्हायचं.

"सबुरीनं घ्या ताई. एका हादऱ्याला दहा दगड जुळतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"जुळतात साहेब, पण थोडेथोडे. पूर्ण एकही जुळत नाही. इथे सगळेच पूर्ण जुळतायत."

"मग वाईट काय झालं? ग्रॅनाइट लिहा आणि मोकळ्या व्हा."

बोलून गेल्यावर साहेबांनी जीभ चावली. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि ते उगाचच खिडकीचा पडदा सारखा करायला लागले. ताईला त्यांची थोडी कीव आली. म्हणजे इथे आपल्याला कीव यायला हवी, एवढं तिला कळलं.

मोकळी तर ती झालीच होती. सातव्या महिन्यात.

ती खोली तिला नीट आठवे. गुळगुळीत उशी, पोटावर थंडगार मलम, आणि एकीकडे तपासता तपासता आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगणारी डॉक्टरीण. बोलता बोलता ती गप्प झाली. मग तिनं पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. पण ताईचा जन्म असले पडदे वाचण्यात गेला होता. आत आवाज पाठवायचा, परत काय येतं ते बघायचं. वळवायच्या आधीच तिनं वाचलं होतं.

तेव्हापासून तिला काही लागत नव्हतं. गरम चहा गरम लागत नव्हता. लोक समजूत घालायचे तेव्हा ती मान हलवायची, न जाणो त्यांनाच वाईट वाटायचं.

३

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस सरळ, बोलका. आताशा तो दोघांच्या वाटचं बोलायचा. कुणी आजोबा दुसऱ्याचाच चष्मा घालून घरी गेले आणि तरी त्यांना छान दिसत होतं, असली काहीतरी गोष्ट रोज जेवताना निघायची. कोपऱ्यातल्या छोट्या खोलीचं दार मात्र तोही उघडत नसे. आत पाळणा होता, अजून खोक्यातच.

"आणि तुझं काय आज?" त्यानं विचारलं.

"काही नाही. जमीन हो म्हणाली."

"कशाला?"

"सगळ्यालाच. काय विचारू त्याला हो."

"अगं मग बरंय की. निदान कोणीतरी." तो हसला आणि तिच्याकडे बघून हसायचा थांबला. "यंत्र बिघडलं असेल."

"तसंच असेल," ताई म्हणाली. भात गिळताना तिच्या लक्षात आलं, की आज तिनं दिवसभरात एका गोष्टीचा विचार आपणहून केला होता. फार दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तिनं यंत्र बिघडलंय हे पक्कं करायचं ठरवलं. अशक्य काहीतरी विचारायचं, म्हणजे खोटेपणा उघडा पडेल. तिनं बर्फ टाकला. त्या पायथ्याखाली बर्फ! जमीन हो म्हणाली. मीठ टाकलं. हो. निघायच्या वेळी कोळशाचा जाड थर टाकला. त्या डोंगरात कोळसा असेल तर माझं नाव बदला, असं कुठलाही भूगर्भवाला म्हणाला असता. चौकट पांढरी राहिली. ताईनं पर्स उचलली आणि ती घरी गेली. अंदाज पुसायचा राहिला.

४

ताईचा धाकटा भाऊ भोक पाडणाऱ्या टोळीचा मुकादम होता. ताई दगड ओळखायची, मग तो तिथे यंत्रानं खोल भोक पाडून दगडाची कांडी वर काढायचा आणि बहीण खरी की खोटी ते सांगायचा. लहानपणापासून चाललेलं भांडण दोघांनी नोकरीतही नेलं होतं. पण हल्ली तोही तिच्याशी भांडत नव्हता.

त्याचा फोन दुपारी आला. मागे यंत्राची घरघर चालली होती.

"ताई, तू नकाशात ग्रॅनाइट लिहिलायस ना?"

"हो."

"कोळसा लागलाय."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थट्टा नाही करत. काळाकुट्ट. पोरांचे हात काळे झाले. चांगला जाड थर आहे. इथे कोळसा कुठून येईल गं?"

"बघते," ती म्हणाली. पडद्यावर कालचा कोळसा होता तसाच होता. तिनं तो पुसला, पुन्हा ग्रॅनाइट टाकला, आणि वजाबाकी लावली. तिचे हात थरथरले नाहीत. थरथरायला हवेत का, असा एक विचार आला आणि गेला.

चहाच्या वेळेला भावाचा पुन्हा फोन. या वेळी त्याचा आवाज उतरलेला होता.

"ताई, मघाशी मी तुला काय म्हणालो?"

"कोळसा लागलाय म्हणालास."

"म्हणालो ना? मग ठीक. पेटीत कांड्या ठेवल्या होत्या आम्ही, क्रमानं लावून. आत्ता साहेबांना दाखवायला उघडली. ग्रॅनाइट आहे. सगळा ग्रॅनाइट." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "पोरांच्या हातांना अजून काळं आहे."

"उन्हात उभे आहात सकाळपासून. पाणी प्या."

"तुला खरं वाटत नाही?"

"वाटतं," ताई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

५

यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? साहेबांना बोलावून आणलं असतं. नकाशेवाल्याला शेजारी बसवून त्याच्यासमोर करून दाखवलं असतं. ताईला हे सगळं सुचलं. सुचलं आणि बाजूला राहिलं, जसं समोरच्याच्या ताटातलं जेवण.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एसी दुरुस्तीला माणसं आली होती. शिड्या, हातोड्या, धुळीचे पांढरे थर. बाकी सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. ताई टेबलापाशीच बसली. भावाचं भोक जिथवर गेलं होतं, त्याच्या बरंच खाली तिनं ग्रॅनाइटमध्ये एक छोटी लांबट पोकळी आखली आणि ती पाण्यानं भरली. अगदी शुद्ध पाणी नाही, किंचित खारट. मग त्या पाण्याच्या मधोमध आणखी एक आकार आखला. त्याच्या आत आकडे भरायचे होते. घनता पाण्याहून जराशी जास्त. हादऱ्याचा वेगही पाण्याहून जरासाच जास्त. हे आकडे शोधावे लागले नाहीत. आवाजानं आतलं बघणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतात. दवाखान्यातलं ते यंत्रही त्याच आकड्यांवर चालतं.

फक्त बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. इतकं उघड खोटं ती स्वतःशी कधी बोलली नव्हती.

वजाबाकी चालू झाली. हातोडीचा आवाज थांबला होता. शिडीवरचा माणूस खाली कुणाला तरी विचारत होता, "अरे, पाना कुठाय?" एरवी क्षणात पांढरी होणारी चौकट या खेपेला राखाडी राहिली. बराच वेळ राहिली. जणू तिला कुणी विचारून बघत होतं, नक्की ना?

मग ती पांढरी झाली.

६

भावानं फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. "तू इकडे ये," एवढंच म्हणाला.

पायथ्याला लख्ख ऊन होतं. यंत्र बंद केलेलं. टोळीतली माणसं त्यापासून लांब, एका ट्रकच्या सावलीत बसली होती. पत्ते नाहीत, मस्करी नाही. ताई दिसताच दोघं उठून उभे राहिले, दुखवट्याच्या घरी घरचं माणूस समोर आल्यावर उठतात तसे.

"दांडी लोण्यात गेल्यासारखी गेली," भाऊ म्हणाला. "आधी ग्रॅनाइट, कडक. मग एकदम काही नाही. मला वाटलं, पोकळी असेल, पाणी असेल. आणखी जरा खाली घेतली तर..." तो अडखळला. "आडवं काहीतरी लागलं. मऊ. मी लगेच थांबवलं ताई, शपथ. एक फेराही नाही दिला. वर काढून बघितलं, तर टोक स्वच्छ. धुवून पुसल्यासारखं."

"मग?"

"मग पाणी वर आलं. बघ ना."

जमिनीतून लोखंडी नळीचं तोंड गुडघ्याएवढं वर आलेलं होतं. ताई वाकली. आत पाणी होतं, काठाच्या थोडं खाली, किंचित पिवळसर. ऊन त्यात सरळ पडत होतं, पण खोलवर काही दिसत नव्हतं. पाणी काठाकडे चढायचं, तिथे थबकायचं, मग खाली जायचं. पुन्हा चढायचं. घाई नव्हती त्याला.

"दाबानं होत असेल," ताई म्हणाली. "खालचं पाणी वाट मिळाली की वर-खाली होतं."

"होत असेल. हात लाव नळीला."

तिनं तळवा टेकवला.

"लागतंय?"

"काय?"

"अगं, ठोके." भावानं तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा. "केवढे जोरात पडतायत! सगळ्या पोरांना लागले. तुला नाही लागत?"

ताईनं दुसराही हात लावला. मग नळीवर वाकून गाल टेकवला. लोखंड होतं. गरम होतं की गार, तेही तिला सांगता आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कशानं, ते त्याला स्वतःलाही कळलं नसावं. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला, साहेबांचा होता. साहेबांनी ऐकून घेतलं, पोकळी एवढंच त्यांना कळलं, आणि म्हणाले, सबुरीनं घ्या, पोकळी आहे तर सिमेंट ओतून बुजवा, बोगदा थोडा सरकवू. पण आधी ताईंना नकाशा नीट करून द्यायला सांगा. नकाशा बघितल्याशिवाय ओतू नका.

"तू जा," भाऊ हलकेच म्हणाला. "नकाशात दगड लिही. मी बुजवून टाकतो. मग आपण दोघं घरी जाऊ, भावोजींकडे. जेवायला."

सिमेंटची गाडी आलेलीच होती. तिचं पिंप गरागरा फिरत होतं.

७

ऑफिसातली माणसं कामाला लागली होती. दुरुस्त झालेला एसी गार वारा सोडत होता. नकाशेवाला फोनवर कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलची चौकशी करत होता. ताई जागेवर बसली. पुसायला एक बोट पुरलं असतं, आणि पुरलं. आतला आकार गेला, पाणी गेलं, पोकळी गेली. सगळीकडे ग्रॅनाइट. वजाबाकी लावली.

चौकट पांढरी व्हायला लागली. कडांकडून आत, भराभर, नेहमीसारखी. आणि मधोमध थांबली.

तिथे बाकी उरली होती. करड्या रंगाचा एक छोटा डाग. ताईनं पुन्हा लावली. डाग राहिला. तिनं वाळू टाकली, मीठ टाकलं, कोळसा टाकला, दातओठ खात नाही, अगदी सावकाश, एकामागून एक. सगळं डोंगराएवढं जग दर वेळी हो म्हणत होतं, आणि तेवढी एक जागा नाही म्हणत होती. तिला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

ताईनं डाग मोठा करून पाहिला. आपण आखला होता तो आकार नुसताच लांबट होता, हे तिला पक्कं आठवत होतं. तिनं पाठ आखली नव्हती. गुडघे आखले नव्हते. हनुवटीशी नेलेली ती मूठ तर नाहीच.

यालाही कारण असेल, तिच्या डोक्यातला शहाणा माणूस म्हणाला. हादरे वाकतात, एकमेकांत मिसळतात, ढगातही हत्ती दिसतो. ताईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग बघता बघता पडद्यावरची मूठ उघडली, आणि मिटली. शहाणा माणूस पुढे काही बोलला नाही.

तिला छातीशी ओलं लागलं. तिनं खाली पाहिलं. कपड्यावर दोन्हीकडे डाग पसरत होता. आधी वाटलं, पाणी सांडलं. पण ग्लास लांब होता आणि भरलेला होता. ओलं होतं, आणि ऊनऊन होतं. ऊन लागत होतं तिला. एसीचा वारा गार लागत होता. खुर्चीचा दांडा कोपराला टोचत होता.

फोन वाजला.

"ताई, झालं का गं?" भावाच्या मागे सिमेंटचं पिंप फिरत होतं. "पोरं घाबरलीत. पाणी आता जास्त जोरात वर-खाली होतंय. दगडच लिहिलास ना? ओतू?"

ताईनं एक हात छातीवर दाबून धरला होता.

"नको."

"काय?"

"नको ओतूस. गाडी परत पाठव," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज कापला. "आणि नळीवर झाकण ठेवू नका कुणी. जरा हवा जाऊ दे आत. मी येतेय."

पलीकडे भावानं कुणाला तरी ओरडून थांबायला सांगितलं. पिंपाची घरघर थांबली. तिच्या जागी आता दुसरं काहीतरी ऐकू येत होतं, बारीक, नळीतून येत असल्यासारखं.

"ताई," भाऊ शेवटी म्हणाला, "लवकर ये. त्याला भूक लागलीय वाटतं."